कुंभाराचं गाढव आणि टांग्याची घोडी



आयोजकांनी फोनवर विषय विचारला आणि मी "घोड्याचा पाय" असं म्हटलं, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी चौतीस वर्षं तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन शिकवलं, घोड्यावर एकदाच बसलो, तेही स्वतःच्या लग्नात आणि जीव मुठीत धरून. तरी आज बोलणार आहे ते घोड्याच्या पायावरच. आणखी नेमकं सांगायचं तर पायातल्या एका दोरीवर, आणि ती तुटल्यावर माणसाने गेली दोन हजार वर्षं काय काय केलं, त्याच्यावर.

निमित्त सारंगखेड्याचं. धुळेकरांना सारंगखेडा सांगायला नको. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडा तिकडे गेलं, पण माझ्या पिढीच्या मनात ते अजून धुळे जिल्ह्यातच आहे. तापीचा काठ, एकमुखी दत्ताचं देऊळ, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीपासून भरणारी यात्रा, आणि त्या यात्रेतला घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे नुकरे, सगळे येतात. गेल्या यात्रेत मी नातवाला घेऊन गेलो होतो. एका राहुटीसमोर एक घोडी मागचा डावा पाय टेकवत होती, उचलत होती, पुन्हा टेकवत होती. मालक तिशीतला, लग्नात घोडी नाचवणारा. मी चष्मेवाला, पांढऱ्या केसांचा, म्हणून त्याने मला डॉक्टर समजलं. मी म्हटलं, "भाऊ, मी डॉक्टर आहे, पण पुस्तकातला." तो हसला नाही. म्हणाला, पशुवैद्यांनी तपासलंय, लिगामेंट गेलंय, तिचंच रक्त काढून, त्यातला अर्क करून सुईने पायात सोडता येतो, पण त्यासाठी पुण्याकडे न्यावं लागेल. खर्च म्हणजे त्याची एका लग्नसराईची कमाई. मग म्हणाला, "घोडाले बोलता येस नही, सर. तुम्हीच सांगा, पैसा लावू का नको?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला लागलो. आजचं व्याख्यान म्हणजे ते वाचन.

आधी पाय समजून घेऊ. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. आपलं मधलं बोट, त्याचं नख म्हणजे खूर. आपण ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतो ते पुढच्या पायात खरं तर मनगट असतं, आणि त्याखालची लांब नळी म्हणजे तळहाताचं हाड. या नळीच्या मागच्या बाजूने एक जाड पट्टा खाली येतो, घोट्याच्या वर त्याच्या दोन शाखा होतात आणि मागच्या दोन छोट्या हाडांना धरतात. इंग्रजीत त्याला सस्पेन्सरी लिगामेंट म्हणतात. आपण झोळीची दोरी म्हणू. घोड्याच्या पूर्वजांमध्ये तो स्नायू होता, त्याचे थोडे मांसतंतू आजही त्यात सापडतात. घोडा चौखूर उधळतो तेव्हा सगळा भार क्षणभर एका पायावर येतो, घोटा जवळजवळ जमिनीला टेकायला खाली जातो, आणि ही दोरी ताणून त्याला परत वर उचलते. हिच्या मागे कंडरा असतात, त्यांचीही तीच कथा. धावताना कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं, असं मोजलेलं आहे. म्हणजे निसर्गाने हा अवयव अगदी कडेलोटाच्या टोकावर उभा केलाय. सावकाश चरणाऱ्या घोड्याला काही होत नाही. ज्याला आपण पळवतो, उडवतो, डांबरी रस्त्यावर डीजेपुढे मागच्या दोन पायांवर नाचवतो, त्याची दोरी तुटते.

आणि तुटली की जुळते, पण पूर्वीसारखी होत नाही. आधी रक्ताची गुठळी, मग सूज, मग घाईघाईत विणलेला जोड. मूळ तंतू एका दिशेने, सरळ, पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे. जोडातले तंतू तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे, आडवेतिडवे. महिन्यांमागून महिने शरीर ते उसवून पुन्हा नीट विणत राहतं, नऊ महिने, वर्षसुद्धा. पण फाटलेल्या धोतराला रफू केल्यावर ते रफूशेजारीच पुन्हा फाटतं, तसं इथंही होतं. खरी अडचण पाय बरा होण्याची नसते, तो पुन्हा जाण्याची असते.

आता इतिहासाकडे. आमच्या जळगावच्या गल्लीत एक टांगेवाले आबा होते. साठीच्या दशकातली गोष्ट. स्टेशन ते गाव, गाव ते स्टेशन. त्यांची लाल घोडी एका पावसाळ्यात पुढच्या पायाने लंगडायला लागली. आबांनी जाणत्या माणसाला बोलावलं. आम्ही पोरं भिंतीवर बसून पाहत होतो. शेगडीत लोखंडी सळई लाल केली, घोडीच्या ओठाला दोरीचा पीळ घालून तिला धरलं, आणि नळीच्या मागे आडव्या रेघा ओढल्या, पाच की सहा. तो वास मी अजून विसरलेलो नाही. आबांनी तोंड फिरवलं होतं. घोडी मग सात-आठ महिने मागच्या परसात बांधून होती, आबा स्वतः एका मिलच्या गेटवर हमाली करत होते. आणि घोडी बरी झाली. सगळी गल्ली म्हणाली, डागाचा गुण.

डाग आपल्याकडे सर्वमान्य. पोटदुखीला बिब्ब्याचा डाग, बैलाच्या खांद्याला डाग. सुश्रुताने अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय लिहिलाय, त्यात त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि हाडं यांच्या विकारांत अग्नी सांगितलाय, आणि त्याची थोरवी अशी की अग्नीने गेलेला रोग परतत नाही. घोड्यांचं वेगळं शास्त्र शालिहोत्राच्या नावावर आहे. हे नाव इतकं रुजलं की घोड्याच्या वैद्यालाच सालोत्री म्हणू लागले, आणि इंग्रजी फौजेच्या कागदांतही हा सालोत्री पगारपत्रकावर दिसतो. जयदत्ताचा 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावावरचा 'अश्वचिकित्सित' हे ग्रंथ कलकत्त्याला १८८६-८७च्या सुमारास छापले गेले. गंमत पाहा, त्याच १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, जेम्स स्टील पहिले प्राचार्य. एकीकडे जुनी पोथी छापखान्यात चालली होती, दुसरीकडे नवा दवाखाना उघडत होता. पण डागण्याच्या सळईबाबत दोघांत भांडण नव्हतं. विलायतेतले पशुवैद्यही शर्यतीच्या घोड्यांच्या पायांवर तशाच रेघा ओढत होते, भूल देऊन आणि टापटिपीने. भीमथडीच्या तट्टाला जो उपचार तोच न्यूमार्केटच्या शर्यती घोड्याला. पूर्व-पश्चिम असं इतकं एकमत क्वचित सापडतं.

आणि एकमत म्हणजे पुरावा नव्हे. इथे मला माझ्या दुकानातला माल काढू द्या.

नैयायिकांनी एक प्रश्न फार बारकाईने सोडवला: कारण कशाला म्हणायचं? घट होण्याआधी दंड असतो, चाक असतं, माती असते, कुंभार असतो. ही कारणं. पण माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढवही घटाच्या आधी तिथे असतंच. मग गाढव घटाचं कारण का नाही? विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदा'त याचं उत्तर आहे: गाढव अन्यथासिद्ध. ते असलं-नसलं तरी घट होतो. माती डोक्यावरून आणली, बैलगाडीतून आणली, तरी घट होणारच. आधी असणं पुरेसं नाही, त्याच्यावाचून अडायला हवं.

दुसरी कल्पना उपाधीची. जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर कधी दिसतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. ती ओल म्हणजे उपाधी, लपून बसलेलं खरं कारण. आता आबांच्या घोडीकडे या. डाग दिला, घोडी बरी झाली. पण डागाबरोबर आणखी काय होतं? सात-आठ महिन्यांची विश्रांती. डागलेल्या पायाने घोडी चालूच शकत नव्हती, म्हणून तिला सक्तीची रजा मिळाली. हीच उपाधी. आणि तिची परीक्षा आमच्याच गल्लीत झाली होती, पण आम्हाला ती दिसली नाही. दुसरे एक टांगेवाले होते, घरात खाणारी तोंडं जास्त. त्यांनीही घोडा डागला, पण जखम सुकताच पंधरा दिवसांत पुन्हा टांग्याला जुंपला. पोळ्याच्या आधी त्याचा पाय कायमचा गेला. लोक म्हणाले, डाग नीट बसला नाही. पाहा, बरा झाला तर डागाचं श्रेय, नाही झाला तर डाग देणाऱ्याचा दोष. अशी समजूत कधीच हरत नाही.

ती हरवायला १९८३ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरेच्या दुखापतींचा कित्येक वर्षं अभ्यास केला. डागलेले पाय आणि न डागलेले पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. निष्कर्ष सरळ होता: डागल्याने कंडरा लवकर जुळत नाही, चांगलीही जुळत नाही. डागलेली कातडी आतून पट्ट्यासारखा आधार देते, ही जुनी समजूतही टिकली नाही. तिथल्या पशुवैद्यांच्या शिखर संस्थेने १९९१ साली डागणं व्यावसायिक नीतीत बसत नाही असं जाहीर केलं. काही अनुभवी पशुवैद्य तेव्हाही म्हणत राहिले, आमचा अनुभव वेगळा आहे. त्यांना खोटारडे म्हणायचं कारण नाही. त्यांनी बरे झालेले घोडे खरोखर पाहिले होते. त्यांनी गाढवही पाहिलं होतं, इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे झालं जुनं, अडाणीपणाचं. नवं शास्त्र वेगळं. माझी शंका इथेच सुरू होते, म्हणून नव्याकडे जरा सावकाश जाऊ.

नव्या उपचारांची कल्पना सुंदर आहे, हे आधी मान्य करतो. बाहेरून आग लावण्याऐवजी शरीराचंच साहित्य कामाला लावायचं. एक मार्ग रक्ताचा. घोड्याचं रक्त काढून यंत्रात फिरवलं की थर वेगळे होतात. त्यातला बिंबिकांनी, म्हणजे प्लेटलेट्सनी, समृद्ध भाग घ्यायचा. बिंबिका फक्त रक्त गोठवत नाहीत, त्यांच्या पोटातल्या कणांत वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात. सोनोग्राफीत पाहत पाहत ते द्रव्य फाटलेल्या जागी सोडायचं. पीआरपी म्हणतात ते हेच. आपल्या मुंबईला घोड्याच्या रक्ताचं औषध नवं नाही. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांना सापाच्या विषाच्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून सर्पदंशाची लस तयार झाली, आणि खानदेशातल्या कापसाच्या शेतात कितीतरी माणसं तिच्यामुळे वाचली. घोड्याने आपलं रक्त माणसाला आधी दिलं, ते त्याच्या स्वतःच्या पायाला मिळायला फार उशीर झाला.

दुसरा मार्ग पेशींचा. २००१ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्य डग्लस हर्थेल यांनी घोड्याच्या छातीच्या हाडातली मज्जा काढून थेट त्या झोळीच्या दोरीत सोडल्याचा अनुभव मांडला. २००३ साली लंडनच्या रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: मज्जेतल्या मूलपेशी वेगळ्या केल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्याच घोड्याच्या कंडरेत परत घातल्या. आशा अशी की या पेशी तिथे जाऊन नवी कंडरा विणतील.

त्या तशा विणतात का? इथे नावाचा एक किस्सा आहे, आणि नावाचे किस्से हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा चारा. १९९१ साली अमेरिकेतल्या अरनॉल्ड कॅप्लन यांनी या पेशींना जगभर रूढ झालेलं 'मूलपेशी' हे नाव दिलं. त्याच कॅप्लन यांनी २०१७ साली लेख लिहून विनंती केली की हे नाव आता बदला. का? तर शरीरात सोडलेल्या या पेशी स्वतः नवा अवयव बनत नाहीत, बहुतेक थोड्या काळात नाहीशा होतात. त्या करतात ते निरोप पोचवण्याचं काम. सूज आवरा, इकडे रक्तवाहिन्या आणा, असे रासायनिक निरोप. म्हणजे गवंडी म्हणून बोलावलेला माणूस मुकादम निघाला. स्वतःच दिलेलं नाव स्वतःच मागे घ्यायला निघालेला विद्वान मी आमच्या विषयात फारसा पाहिला नाही.

पण नाव चुकलं म्हणजे उपचार खोटा, असं होत नाही. खरा प्रश्न तोच, कुंभाराच्या गाढवाचा. कारण या इंजेक्शनबरोबरही घोड्याला काय मिळतं? कित्येक महिन्यांची विश्रांती, आणि हळूहळू वाढवलेलं चालणं. ओलं लाकूड इथेही आहेच.

२०१२ साली इंग्लंडमधल्या शर्यती घोड्यांवर एक मोठा अहवाल आला. मूलपेशी दिलेल्या घोड्यांत पाय पुन्हा जाण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्के. पूर्वीच्या नोंदींत अशाच घोड्यांचं प्रमाण निम्म्याच्या वर होतं. आकडा चांगला आहे. पण तुलना पूर्वीच्या नोंदींशी आहे, त्याच काळात, त्याच हातांखाली, तशीच शुश्रूषा मिळालेल्या पण इंजेक्शन न मिळालेल्या घोड्यांशी नाही. राजवाडे ज्या गावात शेवटपर्यंत दप्तरं तपासत राहिले, त्या गावात समकालीन कागदाचं महत्त्व मी काय सांगावं! बखर खरी असू शकते, पण तिला अस्सल कागदाची जोड लागते.

अशी जोड देणारे प्रयोगही झालेत, लहान पण स्वच्छ. २०१०चा नेदरलँड्समधला, उट्रेक्ट विद्यापीठातला प्रयोग मला फार आवडला आणि वाचून त्रासही झाला. सहा घोडे. प्रत्येकाच्या पुढच्या दोन्ही पायांच्या कंडरांना शस्त्रक्रियेने सारखी इजा केली. मग एका पायात पीआरपी, दुसऱ्या पायात नुसतं मिठाचं पाणी. घोडा तोच, चंदी तीच, तबेला तोच, विश्रांती तीच. फरक फक्त सुईतल्या द्रव्याचा. अन्वय-व्यतिरेकाचं याहून नेटकं उदाहरण मला वर्गात कधी देता आलं नव्हतं. चोवीस आठवड्यांनी पीआरपीचा पाय जास्त मजबूत निघाला, त्यात कोलॅजनही जास्त होतं. आणि कंडरेची ताकद मोजायची तर ती शरीराबाहेर काढून ताणावी लागते. तेव्हा त्या सहा घोड्यांचं पुढे काय झालं, हे वेगळं सांगायला नको. सिद्ध झालेल्या प्रत्येक उपचाराखाली असे घोडे उभे असतात. मला त्यावर निवाडा देता येत नाही. आबांच्या घोडीचा वासही आठवतो आणि हेही कळतं की हा प्रयोग कुणी केला नसता तर आपण अजून सळया तापवत बसलो असतो.

याही प्रयोगाला मर्यादा आहे. निरोगी कंडरेला सुरीने केलेली जखम आणि वर्षानुवर्षं नाचून झिजत झिजत फाटलेली दोरी, या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय पीआरपी हे एक औषध नाही. यंत्र बदललं, फिरवण्याचा वेग बदलला की बिंबिका आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं. खिचडी हे नाव एक असतं आणि घराघरांत पदार्थ वेगळा असतो, तसं. मूलपेशींचा एक प्रयोग २०१३ साली आपसूक जायबंदी झालेल्या बारा घोड्यांवर झाला, सहांना पेशी, सहांना मिठाचं पाणी. पेशी मिळालेल्यांचे तंतू अधिक मूळच्यासारखे दिसले. आणि २०२२ साली युरोपीय महासंघाने कंडरा आणि या झोळीच्या दोरीच्या दुखापतीसाठी दुसऱ्या घोड्याच्या रक्तातून वाढवलेल्या मूलपेशींच्या एका औषधाला परवानगी दिली. म्हणजे वारं अनुकूल आहे. हे डागासारखं निव्वळ गाढव नाही, असं मी आज म्हणेन. पण चाक आहे की दंड आहे, की मातीत थोडं जास्त पडलेलं पाणी आहे, हे अजून ठरतंय. विश्रांती मात्र माती आहे. तिच्यावाचून घट कुणी केलेला नाही.

इथेच खरी अडचण आहे. शर्यतीच्या घोड्याच्या मालकाला वर्षभराची विश्रांती परवडते. टांगेवाल्याला परवडत नव्हती, घोडी नाचवणाऱ्यालाही परवडत नाही. इंजेक्शनला पैसे एकदाच लागतात. विश्रांतीला रोज लागतात, चंदीचे, वैरणीचे, आणि बुडालेल्या सुपारीचे. म्हणून लोक इंजेक्शन विकत घेतात आणि विश्रांती कापतात. त्या दुसऱ्या टांगेवाल्याने नेमकं हेच केलं होतं, त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हा पेन्शनवाल्यांना नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर घ्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, सारंगखेड्याच्या त्या माणसाला तुम्ही शेवटी काय सांगितलंत?)

पंधरा दिवसांनी फोन केला. मी म्हटलं, मी वैद्य नाही, तुमच्या पशुवैद्यांना तीन गोष्टी विचारा. दोरी किती फाटली आहे हे सोनोग्राफीत मोजलंय का, इंजेक्शन दिलं तरी किती महिने काम बंद ठेवायचं, आणि दिलं नाही तर किती. त्याने विचारलं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं जवळपास सारखी आली. मग त्याने यंदा इंजेक्शनचे पैसे वैरणीला लावले, आणि लग्नसराईपुरता एका मंडपवाल्याकडे कामाला लागला. हा त्याचा निर्णय, माझा नव्हे. उद्या पेशींचं औषध आपल्याकडे स्वस्त मिळालं तर कदाचित तो वेगळं ठरवेल, आणि ते बरोबरही असेल.

घोडी सध्या सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालते, मऊ मातीवर, हाताने धरून. धरायला त्याची बायको असते. दुसरी सोनोग्राफी चैत्रात आहे.